रंगाच्या तीन बकेटी दाखवल्या, भिंतीवर एकच गेली

लिहायला जरा लाज वाटायली कारण मी स्वतः मास्तर माणूस, चार लोकांना शिकवतो आणि मलाच एका पेंटरनं दिवसाढवळ्या शिकवलं. पण आमच्या परभणीत सध्या प्रत्येक गल्लीत बांधकाम चालू हाय आणि प्लास्टर झालं की असे लोक बरोबर येतेत, म्हणून सगळं सांगून टाकतो.

वसमत रोडच्या बाजूला आमचं नवीन घर, खाली वर मिळून दोन मजले. मागच्या वर्षी एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपास बाहेरचं प्लास्टर संपलं. अक्षय तृतीयेला वास्तुशांत ठरलेली, पत्रिका वाटून झालेल्या, म्हणजे घाई आमचीच होती हे आधी कबूल करतो. मेव्हण्याच्या मित्रानं एक गुत्तेदार पाठवला. पन्नाशीचा माणूस, बोलायला गोड, आल्या आल्या आईच्या पाया पडला, माय माय करायला. मला म्हणला सर तुम्ही बिनघोर शाळेत जा, मटेरियलसगट 21 रुपये फूट, एक प्रायमर दोन हात रंग, वर कंपनीची सात वर्षांची वॉरंटी.

मी विचारलं होतं बरं का, की प्लास्टर अजून ओलं हाय, चालतंय का. त्यो म्हणला सर आपल्याकडं 43 डिग्री ऊन, आठ दिवसात खणखणीत वाळतंय. आता कळतंय की वाळणं वेगळं आणि पिकणं वेगळं. सिमेंटच्या प्लास्टरला निदान 28 दिवस तर द्यावेच लागतेत, त्यात सुरवातीचे दिवस पाणी मारायचं आणि मग सुकू द्यायचं. ताज्या प्लास्टरमधला खार बाहेर येत राहतो आणि त्यो वरचा रंग खातो. आमच्याकडं तर बोअरचं पाणी आटलेलं, टँकरच्या पाण्यावर कसंबसं पाणी मारलेलं.

आता मेन गोष्ट. पहिल्या दिवशी त्यानं टेम्पोतून तीन बकेटी आणल्या, 20 लिटरच्या, नामांकित कंपनीच्या, सगळ्यात वरच्या प्रकारच्या, झाकणाची सीलपट्टी जशीच्या तशी. मला दाखवल्या, आईला दाखवल्या, म्हणला फोटो काढून घ्या सर उगं नंतर शंका नको. मी काढला पण. पुण्याच्या भावाला पाठवला, त्यानं अंगठा दाखवला, आम्ही खुश. बकेटी पांढऱ्या होत्या, आम्हाला पिस्ता शेड पाहिजे होती. म्हणला इथंच स्टेनर, म्हणजे शेडची बाटली, टाकून बनवतो, दुकानातल्या मशीनवर उगं जास्तीचे पैसे जातेत.

इथंच सगळी मेख होती आणि ती मला दोन महिन्यांनी कळली.

मी गंगाखेडला शाळेत, सकाळी सातला निघायचं, यायला चार. घरी आई एकटी. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आई म्हणली, अरे त्यो दोन बकेटी गाडीवर बांधून घेऊन गेलता. मी म्हणलं शेड मिळवायला नेल्या असतील. तिसऱ्या दिवशी म्हणली ह्या रंगाला चुन्यावानी वास येयलाय. मी म्हणलं आई तुला काय कळतंय त्यातलं. हे वाक्य मला अजून टोचतं.

भिंत मात्र दिसायला एकदम झकास. वास्तुशांतीला पाव्हणे गेटपाशी उभं राहून बघायचे. पैशाचं म्हणाल तर इसार 20 हजार, मधी 30 हजार रोख, आणि वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी पोरीच्या लग्नाचं कारण सांगून आणखी 30 हजार, ते पण त्याच्या साडूच्या नंबरवर फोनवरून टाकायला लावले. दिलेल्या पैशाची पावती काहीच नाही. माप त्यानंच टेप लावून काढलं, 4,180 फूट, म्हणजे 87,780 रुपये. वरचे सात हजार राहिले होते त्यासाठी त्यो कधी आलाच नाही, तेव्हाच डोक्यात दिवा लागायला पाहिजे होता. हक्काचे पैसे सोडून कोण पेंटर गप बसतो?

मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि सकाळी ओट्यावर पिस्ता पाणी. अक्षरशः. खिडक्यांच्या खालून रंगाचे ओघळ, फरशीच्या सांध्यात रंग, तुळशीच्या कट्ट्यावर रंग. भिंतीवर ओला हात फिरवला तर तळवा हिरवा पांढरा. पंधरा दिवसात पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे निघाले आणि आत पांढरा लोणा फुललेला.

त्याला फोन केला तर आधी म्हणला प्लास्टरवाल्याची चूक, मग म्हणला तुमच्या टँकरच्या पाण्याची चूक, मग फोनच उचलंना. शेवटी मी फोटोत बकेटीवरचं दुकानाचं स्टिकर मोठं करून बघितलं आणि थेट त्या दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस सरळ होता, वही काढली आणि म्हणला सर तीन गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी दोन परत आल्या, सील पॅक होत्या म्हणून घेतल्या. मी तिथल्या स्टुलावर बसूनच घेतलं. त्यानंच पाणी दिलं आणि समजावलं, की मशीनवर शेड बनवली असती तर आम्ही ती बकेट परत घेतलीच नसती, कलर पडल्यावर ती दुसऱ्या कुणाला विकणार? म्हणजे शेड हातानं बनवायची हे पैसे वाचवायला नव्हतं, बकेट परत करता यावी म्हणून होतं. मशीनवर बनवलेल्या डब्याच्या झाकणावर शेडचा नंबर छापलेलं स्टिकर असतं, ते आमच्या एकाही झाकणावर नव्हतं आणि मी ते बघितलं पण नाही.

मग हिशोब मांडला. चांगला बाहेरचा रंग दोन हाताला लिटरमागं साधारण 50 ते 60 फूट जातो, खडबडीत प्लास्टरवर त्याहून कमी. मी स्वतः टेप धरून मोजलं तर भिंत भरली 3,390 फूट. शेजाऱ्याला चिकटलेली बाजू, जिथं ब्रश पोचत सुद्धा नाही, ती त्यानं धरलेली, गॅलरीचे मोठाले दरवाजे धरलेले. नुसत्या मापातच 790 फूट म्हणजे 16,590 रुपये. आणि खरं माप धरलं तरी रंग लागत होता साडेतीन बकेटी, गेली एक. बाकी त्या एकाच मोकळ्या बकेटीत घरातल्या भिंतीला मारायचं स्वस्तातलं डिस्टेंपर कालवून आणायचा आणि आईसमोर ढवळायचा. ते बाहेर पावसात टिकतच नाही. प्रायमर म्हणून मारलं ते तर नुसतं पांढरं पाणी असावं, कारण खरवडल्यावर खाली डायरेक्ट सिमेंट दिसलं.

कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस आला, भिंत बघितली, नीट बोलला, पण वॉरंटीला पक्कं बिल लागतं आणि त्यांच्या पद्धतीनं प्रायमरसकट काम झालेलं लागतं. आपल्याकडं दुकानाचं साध्या कागदावर लिहिलेलं एस्टिमेट, त्यावर जीएसटी नंबर नाही, गिऱ्हाईक म्हणून नाव पण पेंटरचं. त्यांना काय बोलणार. पोलिसात गेलो तर म्हणले हे दिवाणी प्रकरण हाय. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर हाय, तिथं तक्रार नोंदवली. वकील मित्र म्हणला जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षाच्या आत जाता येतं, आणि 5 लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण तू काम कुणाला दिलं ह्याचा पुरावा काय? साडूच्या नंबरवरचे 30 हजार आणि व्हॉट्सॲपवरचे दोन मेसेज, बस. ते घेऊन मी पहिल्यांदा मेव्हण्याच्या मित्राला गाठलं, दहा माणसात बसवलं, नोटीस दाखवली, तेव्हा कुठं 15 हजार परत आले. लोक म्हणतेत हे पण नशीब. मला तसं वाटत नाही, पण आयोगाच्या चकरा मारायची ताकद राहिली नव्हती.

आता तुम्ही रंग देणार असाल तर मटेरियलसगट गुत्ता देऊच नका, लेबर वेगळं द्या आणि रंग स्वतः दुकानात जाऊन मशीनवर शेड बनवून आपल्या नावाच्या पक्क्या बिलावर आणा. माप दोघांनी मिळून काढायचं आणि कागदावर सही. मोकळी बकेट, झाकणासकट, काम संपेपर्यंत घराबाहेर जाऊ द्यायची नाही. पेंटर ह्याला चिडला तर चिडू द्या. झाकणाच्या आत पेंटरसाठी कुपन असतं, ते त्याला खुशाल घेऊ द्या, त्याचं त्याला.

दिवाळीनंतर मानवतचा एक म्हातारा पेंटर धरला. त्यानं आठ दिवस रंगाचं नावच काढलं नाही, नुसतं खरवडणं, तारेचा ब्रश, धुणं, वाळवणं, चिरा भरणं. आपली काळी जमीन हालते म्हणून चिरा पडतच राहतेत म्हणला. पश्चिमेची भिंत सकाळी रंगवायचा आणि पूर्वेची दुपारनंतर, म्हणजे तापलेल्या भिंतीवर हातच लावायचा नाही, रंग बसायच्या आधीच पाणी उडून जातंय म्हणायचा. पैसे पुरले तेवढं केलं, मागची भिंत अजून नुसती प्रायमरवर हाय.

त्याच्या बकेटी आल्या त्या दिवशी आई सकाळीच गेटपाशी खुर्ची टाकून बसली, मांडीवर माझीच एक जुनी वही, आणि प्रत्येक झाकणावरचा नंबर चष्मा वर खाली करत उतरून घेयली. म्हातारा हसून म्हणला, माय तुम्ही मास्तरीण होता का? आई म्हणली, नाही बाबा, लेक मास्तर हाय, म्हणून तर मला लिहावं लागायलं.