इझीकॅप डोंगल: सीडीवरचा ड्रायव्हर घ्या, बाकी सगळं सोडा

अंगठ्याएवढी डबी, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला पिवळी-लाल-पांढरी आरसीए आणि चार पिनांचं एस-व्हिडिओ सॉकेट. जुन्या कॅमकॉर्डरच्या व्हिडिओ८, हाय८ आणि व्हीएचएस-सी टेपा संगणकात उतरवायच्या म्हटलं की बहुतेकांच्या हाती आधी हेच डोंगल येतं. त्याच्याबद्दलची मतं मात्र दोन टोकांची: 'झकास' नाहीतर 'कचरा'. दोन्ही खरी असू शकतात, कारण इझीकॅप हे एकच यंत्र नव्हे. सारख्या दिसणाऱ्या डबीत एसटीके११६०, यूटीव्ही००७, एसएमआय२०२१, ईएम२८६० यांपैकी कुठलीही चिप निघते.

आमचे गुण ५ पैकी ३. चित्र समाधानकारक, आवाज जेमतेम, सोबतचं सॉफ्टवेअर टाकाऊ. चित्र डुलतं, वरच्या कडेला वाकतं, मध्येच तुटतं, या तक्रारींचं खापर मात्र डोंगलवर फुटतं ते बऱ्याचदा उगाच. दोष त्याच्या मागे जोडलेल्या कॅमकॉर्डरमध्ये असतो.

कुठली चिप पदरात पडली आहे ते आधी ओळखा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा: १बी७१ असेल तर यूटीव्ही००७, ०५ई१ असेल तर एसटीके११६०. त्या त्या चिपचाच ड्रायव्हर टाका, दुसऱ्याचा चालत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये या दोन्ही चिपचे ड्रायव्हर आधीपासून असतात, तिथे सीडीची गरजच नाही. सगळं नीट बसूनही पडदा काळा राहिला, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेरा आणि मायक्रोफोनची परवानगी बंद आहे का तपासा. विंडोज या डोंगलला कॅमेराच समजतं.

आता खरा मुद्दा. टेप चालताना तिचा ताण आणि हेडच्या (टेप वाचणाऱ्या भागांच्या) फिरत्या ड्रमची गती किंचित बदलत राहते, त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ कधी जराशी लवकर, कधी उशिरा सुरू होते. जुने ट्यूबचे टीव्ही हे खपवून घ्यायचे, डोंगलला ते जमत नाही. दाराची चौकट किंवा विजेचा खांब करवतीसारखा दातेरी दिसला, की समजावं हेच झालं आहे. यावर इलाज टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी: तो प्रत्येक ओळ वेळेवर आणतो. हाय८च्या वरच्या श्रेणीतल्या अनेक कॅमकॉर्डरमध्ये तो असतो. मेनूत जाऊन टीबीसी चालू करा आणि डीएनआर (डिजिटल नॉइज रिडक्शन) बंद करा. डीएनआर चित्रातला खरखरीतपणा कमी करतो खरा, पण हलत्या माणसामागे सावल्या ओढत नेतो, आणि एकदा उतरल्यावर त्या काढता येत नाहीत. 'एडिट' नावाचं बटण असेल तर चालू. डिस्प्ले बंद करायला विसरू नका, नाहीतर तासभराच्या चित्रीकरणावर काउंटर कायमचा छापला जातो.

कॅमकॉर्डरमध्ये टीबीसी नसेल, तर मध्ये डीव्हीडी रेकॉर्डर जोडतात. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ याच कामासाठी शोधून घेतले जातात. त्यांत डिस्क घालायची नाही, रेकॉर्डिंगही करायचं नाही. कॅमकॉर्डरची वायर आत, डोंगलची वायर बाहेर, बस्स. वाकलेली वरची कड सरळ होते. आणखी एक फायदा: अस्थिर सिग्नल पाहून काही डोंगल घरच्या टेपेलाही 'कॉपी संरक्षित' समजून थांबतात, ती कटकटही बऱ्याच अंशी मिटते.

वायर एस-व्हिडिओचीच वापरा, अर्थात कॅमकॉर्डरला ते सॉकेट असेल तर. पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र येतात. ते पुन्हा वेगळे करताना रंगीत कडांवर ठिपके सरकताना दिसतात. एस-व्हिडिओत दोन्ही आधीपासून वेगळे असतात. मेख अशी की काही नकली डोंगलमध्ये एस-व्हिडिओ आतल्या आत पिवळ्यालाच जोडलेला असतो. एस-व्हिडिओ लावूनही ठिपके सरकत असतील तर डोंगल परत करा. चित्र कृष्णधवल आलं तर घाबरू नका. सॉफ्टवेअरमध्ये इनपुट अजून 'कंपोझिट'वर असेल, किंवा पाल टेपेला एनटीएससी निवडलं गेलं असेल (या टीव्हीच्या दोन वेगळ्या पद्धती; भारतात पाल, अमेरिका-जपानमध्ये एनटीएससी).

टेप घालण्याआधी तिचं झाकण उचलून आत बघा. पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी टेप मशीनमध्ये घालायची नाही, हेड खराब होतील आणि पुढच्या टेपांनाही लागण होईल. टेप स्वच्छ असेल तर लेखन-संरक्षणाची खिट्टी सरकवा (८ एमएम कॅसेटमध्ये लाल रंग दिसला पाहिजे), मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा आणि पूर्ण मागे आणा. वर्षानुवर्षं एकाच जागी पडून राहिल्याने गुंडाळीतला ताण असमान झालेला असतो, तो यामुळे सारखा होतो. कॅमकॉर्डर बॅटरीवर नको, अडॅप्टरवरच चालवा.

चित्रात मुंग्या आल्या आणि आवाजही खरखरू लागला तर हेड मळले आहेत. ८ एमएममध्ये एफएम आवाज चित्राच्याच तिरप्या पट्ट्यांत लिहिलेला असतो, म्हणून दोघं एकदम बिघडतात. क्लीनिंग कॅसेट एका वेळी ५ ते १० सेकंद, त्याहून जास्त नाही. ती हेड घासते. हाताने पुसायचं असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय कातड्याची काडी. काडी स्थिर धरून ड्रम आडवा फिरवा. उभं पुसलं किंवा कापसाचा बोळा वापरला तर हेडचं टोक तुटू शकतं.

रेकॉर्डिंगसाठी व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर. पाल टेपेला ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससीला ७२० बाय ४८० आणि २९.९७. रंगाचं स्वरूप वाययूवाय२, कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत) हफवायूव्ही किंवा लॅगॅरिथ, आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, पीसीएम. काहीही न दाबता ठेवलं तर तासाला जवळपास ७५ जीबी लागतात, हफवायूव्हीने ते साधारण निम्म्यावर येतात. ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीला फाइल थांबेल, म्हणून एनटीएफएस हवी. डोंगल हबमध्ये नको, थेट संगणकात. खाली 'फ्रेम्स ड्रॉप्ड'चा आकडा वाढत असेल तर प्रिव्ह्यू बंद करून पाहा. चित्राच्या तळाशी फाटल्यासारख्या काही ओळी दिसतात, तो बिघाड नाही. एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे जातानाची ती खूण आहे, टीव्हीच्या चौकटीआड लपून जायची.

आवाज ही या डोंगलची सगळ्यात दुबळी बाजू. मोठा आवाज आला की फाटतो, आणि विंडोजमधली पट्टी खाली ओढून उपयोग नाही, कारण तो डोंगलच्या आतच कापला गेलेला असतो. लाल-पांढरी वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये घातली तर आवाज सुधारतो, पण मग चित्र आणि आवाज दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात आणि ओठ हळूहळू मागे पडतात. व्हर्च्युअलडबच्या टायमिंगमध्ये आवाज रीसॅम्पल करून चित्राला जुळवण्याचा पर्याय निवडा, आणि ६० मिनिटांची टेप उतरवून शेवटचा मिनिट आधी पाहा. सुरुवात पाहून काहीच कळत नाही.

टेपवरची प्रत्येक फ्रेम दोन फील्डांत, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत, विभागलेली असते; त्यांपासून अखंड फ्रेम बनवणं म्हणजे डीइंटरलेस. उतरवताना ते करू नका, ५७६ ओळींचा आकारही बदलू नका. मूळ प्रत तशीच एफएफव्ही१ कोडेकमध्ये एमकेव्ही फाइल करून ठेवा; हे कोडेक २०२१ साली आरएफसी ९०४३ म्हणून प्रसिद्ध झालं आहे आणि फाइल कुठे किडली ते त्यातल्या तपासणी अंकांवरून कळतं. घरच्यांना दाखवायची प्रत वेगळी: क्यूटीजीएमसी या स्क्रिप्टने डीइंटरलेस करून सेकंदाला ५० फ्रेम, ४:३ आकार, एच.२६४. हालचाल मागेपुढे थरथरली तर फील्डचा क्रम उलटा आहे. अशा डोंगलमधून साधारणपणे वरचं फील्ड आधी येतं, डीव्ही या डिजिटल टेप-स्वरूपात खालचं.

डीव्हीचा विषय निघालाच आहे. टेपा व्हिडिओ८ किंवा हाय८ असतील आणि चालू स्थितीतला डिजिटल८ कॅमकॉर्डर (८ एमएम कॅसेटवर डीव्ही लिहिणारा) व फायरवायर हे सॉकेट असलेला संगणक मिळत असेल, तर हे डोंगल घेऊच नका. तो कॅमकॉर्डर टेप आतच डीव्हीमध्ये बदलून देतो, आवाज चित्राला बांधलेला राहतो आणि तासाला १३ जीबीत काम होतं. रंगाचा तपशील थोडा कमी होतो, पण या टेपांत तो मुळातच फार नसतो. फक्त विकत घेण्याआधी त्याच्या मॅन्युअलमध्ये हाय८ आणि व्हिडिओ८ प्लेबॅक स्पष्ट लिहिलेला आहे का बघा. काही मॉडेलमध्ये ती सोय नाही, आणि कॅसेट मात्र त्यांत व्यवस्थित बसते.