टॅक्टाइल स्विच: चेरी एमएक्स ब्राऊन की बोबा यू४टी?

मेकॅनिकल कीबोर्डच्या प्रत्येक कळीखाली एक स्विच असतो; कळ दाबताना बोटाला उंचवटा जाणवतो, तो टॅक्टाइल स्विच. चेरी एमएक्स ब्राऊन हा त्यांतला सर्वांत परिचित असला, तरी ४ मिलिमीटरच्या प्रवासात बोटाला लागणारा त्याचा उंचवटा इतका सौम्य आहे की, वेगाने टंकलेखन करताना तो जवळजवळ जाणवतच नाही. बोबा यू४टीमध्ये मात्र हा उंचवटा कळ दाबू लागताच भेटतो, गोलसर आणि ठाम लागतो, आणि कळ तळाला टेकताना खोल, भरीव आवाज येतो. दीर्घ लेखनासाठी मी यू४टीची ६२ ग्रॅम दाबाची स्प्रिंगच सुचवेन. कार्यालयात शेजाऱ्यांचा विचार करायचा असेल, तर यू४ ही त्याची शांत आवृत्ती घ्यावी. वंगण लावताना दांड्याचे (कळीबरोबर खाली-वर होणाऱ्या भागाचे) उंचवटा निर्माण करणारे पाय कोरडेच ठेवावेत, कारण तेथे ग्रीस गेल्यास ज्यासाठी हा स्विच घ्यायचा, तो स्पर्शच बोथट होतो.