शेवटच्या बादशहाची तसबीर, जळगावची फ्रेम

जळगावातील एका छपाई व फ्रेमिंगच्या दुकानातून बहादूरशहा जफरच्या दरबारी चित्राची प्रतिकृती करून घेतली. मूळ चित्र दिल्लीच्या गुलाम अली खान या चित्रकाराचे, १८३७-३८ च्या सुमाराचे, म्हणजे बादशहा गादीवर आल्यानंतर लगेचचे आहे. दिल्ली १८०३ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली होती, आपला खानदेशही १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला होता आणि बादशहा कंपनीच्या तनख्यावर जगत होता. तरीही त्याच्या मस्तकामागे जहांगीराच्या काळापासून चालत आलेले सोनेरी प्रभामंडळ झळकतेच. सत्ता आटत गेली तसा चित्रातला थाट अधिकच जपला गेला, असे मला वाटते. चेहऱ्याला मात्र युरोपीय धर्तीची छायाप्रकाशाची जोड आहे, त्यामुळे साठी ओलांडलेल्या माणसाचे वय लपत नाही.

प्रतिकृतीत दाढीचा केस न् केस स्वच्छ उतरला आहे. सोनेरी रंग मात्र हळदीसारखा पिवळा पडला, आणि छापील शाईकडून याहून अधिक अपेक्षा नव्हतीच. खरी तक्रार हाशियाची, म्हणजे चित्राभोवतीच्या किनारीची आहे. माउंटच्या, म्हणजे फ्रेमच्या आतील पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, मापात बसवण्यासाठी कारागिराने नक्षीदार किनार निम्मी झाकली होती. दाखवून दिल्यावर कुरकुर न करता नवा माउंट कापून दिला. कागद प्लायवर डिंकाने चिकटवलेला नाही, ही मोठी जमेची बाजू, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात असे कागद फुगतात. दर वाजवी आहेत. काच साधी असून खिडकीसमोर फार चकाकते, तेव्हा मॅट काच आधीच मागावी आणि किनार झाकायची नाही, हे पावतीवरच लिहून घ्यावे.