क्रँक घासला म्हणे!

माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरचं ऑइल प्रेशर उतरायला लागलं तेव्हा मी आधी मिस्त्री बोलावला आणि डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, नंतर ओढली. नंतर म्हणजे किती नंतर? इंजिनाचं ‘काम’ होऊन महिना उलटल्यावर.

सकाळी गार इंजिनावर काटा जेमतेम हिरव्यात यायचा. तासभर काम झालं की आयडलला (रेस न देता) तळाशी बसायचा, रेस दिली की थोडा उठायचा. मिस्त्रीने दोनदा रेस दिली, कान लावला आणि म्हणाला, “दादा, क्रँक खाल्लाय. असाच चालवलात तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल.” क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. एवढं ऐकल्यावर कोण नाही म्हणणार? त्याने तेलाची पातळी पाहिली नाही, हाताचं गेज (दाब मोजायचं वेगळं मीटर) लावलं नाही, शेवटचं तेल कधी बदललं तेही विचारलं नाही. हे सगळं मला आता आठवतंय.

आठ दिवसांनी ट्रॅक्टर परत आला. बिलात क्रँक ग्राइंडिंग, मेन आणि रॉडची नवी बेअरिंग (क्रँक ज्यांत फिरतो ते अर्धगोल धातूचे पत्रे), तेल, फिल्टर, मजुरी. सोबत एका पिशवीत ‘तुमची जुनी बेअरिंग’. तांबूस थर उघडा पडलेली, ओरखड्यांनी भरलेली. बघूनच पोटात गोळा आला. आणि काटा एकदम ताठ. मी खूश.

महिन्याभरात काटा पुन्हा खाली. आता मिस्त्री म्हणाला, ऑइल पंप गेला. तिथे मात्र मी थांबलो आणि दुसऱ्या एका वयस्कर फिटरकाकांकडे गेलो.

काकांनी आधी डिपस्टिक ओढली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मी अभिमानाने सांगितलं, “काका, हे इंजिन तेल खातच नाही, उलट भरलेलंच राहतं.” त्यांनी पट्टी माझ्या नाकाशी धरली. डिझेलचा भपकारा! पाणी उतरलं असतं तर तेल दुधाळ झालं असतं; हे काळंच होतं, पण पट्टीवरून पाण्यासारखं ओघळत होतं.

पंप दाब बनवत नाही, तो फक्त तेल ढकलतो. बेअरिंगच्या बारीक फटीतून तेल सहज निसटत नाही म्हणून दाब राहतो. बेअरिंग झिजलं तर फट वाढते, तेलात डिझेल मिसळलं तर तेलच पातळ होतं. काटा दोन्हीकडे सारखाच पडतो. नवं तेल ओतल्यावर माझा काटा का ताठ झाला होता, ते तेव्हा उमगलं.

काकांनी फीड पंप (टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा) ब्लॉकवरून सोडवला, नळ्या तशाच ठेवून हातपंपाची दांडी चालवली. ब्लॉककडच्या तोंडातून डिझेल पाझरायला लागलं. डायफ्राम, म्हणजे पंपातला लवचिक पडदा, फाटला होता आणि डिझेल तिथून इंजिनाच्या तेलात उतरत होतं. ज्या इंजिनाचा फीड पंप डायफ्रामचा आणि ब्लॉकवर बसवलेला असतो, त्यात हा बिघाड जुनाच.

मग काका ट्रॅक्टरखाली वाकले आणि हसले. चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) बोल्टांवर तेल-मातीचा जुना थर जसाच्या तसा होता, पान्याचा एक ओरखडा नाही. आमच्या ट्रॅक्टरचं चेंबर खालून सुटतं (काहींचं ओतीव चेंबर पुढच्या एक्सलचा भार पेलतं, ते उतरवणं मोठं काम). ते उतरवून काकांनी रॉडची एक कॅप काढली. बेअरिंग करड्या रंगाचं, गुळगुळीत, पाठीवर शिक्का ‘एसटीडी’, म्हणजे स्टँडर्ड, मूळ माप. आता पिशवीतलं एक उलटं केलं. पाठीवर ‘०.५०’. म्हणजे ते जाड बेअरिंग, अर्धा मिलिमीटर घासून बारीक केलेल्या क्रँकचं. माझ्या इंजिनात मूळ मापाचं. घासलेल्या क्रँकवर एसटीडी बसवलं तर फट केवढी राहील, आणि मूळ मापाच्या क्रँकवर ०.५० ची कॅप आवळताच येणार नाही. मायक्रोमीटरनेही क्रँक मूळ मापाचाच निघाला. इंजिन उघडलंच नव्हतं. बदललं ते फक्त तेल आणि फिल्टर.

पिशवी घेऊन मी पहिल्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, “पोत्यात अदलाबदल झाली असेल.” मग इंजिनात एसटीडी कसं, विचारलं तर फोन आल्याचं निमित्त करून आत गेला. क्रँक कुठल्या मशीनवर घासला त्याची पावती मी कधीच मागितली नव्हती, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत.

तुमचा काटा पडत असेल तर इंजिन खोलायला देण्याआधी पट्टी ओढा, वास घ्या. सेन्सर काढून त्या जागी हाताचं गेज लावायला सांगा आणि इंजिन पुरतं तापल्यावर आयडल व पूर्ण रेसचा आकडा मॅन्युअलशी ताडून पाहा. कित्येकदा डॅशवरचं गेजच खोटं बोलतं. रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (तेलाचा जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेत) कचरा अडकला असेल तर गार इंजिनावरही दाब चढत नाही, आणि तो बऱ्याच इंजिनांत थोडक्या कामात तपासता येतो. एवढं करूनही खोलायचंच ठरलं तर बेअरिंग निघताना समोर उभे राहा, पाठीवरचा शिक्का स्वतः वाचा, फोटो काढा.

काकांनी नवा डायफ्राम टाकला, तेल आणि फिल्टर पुन्हा बदलला, इंजिनातलीच मूळ बेअरिंग परत बसवली. मी आता आठवड्याला पट्टी ओढतो. पातळी वर गेलेली दिसली की पहिला हात फीड पंपाला.