हॅलोविनचा ड्रेस: विकतचा की घरचा?
ताई, पोरांचा ड्रेस विकत घ्यावा की घरी करावा असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आम्ही इथे न्यू जर्सीत दोन्ही करून बघितलंय. विकतचा ड्रेस एकेकाला 25-30 डॉलर, कापड पातळ, आणि 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी पोरं वेश करून घरोघरी चॉकलेट मागत फिरतात तेव्हा थंडी असली की वरून जॅकेट चढवावंच लागतं, मग आतलं काय दिसणार! आमच्या धाकटीची तर पाठीची शिवण तिसऱ्या घरापाशीच उसवली, रडरड नुसती. घरचा म्हणजे जुनी चादर, डोळ्यांना चांगली मोठी भोकं, झालं भूत. आत स्वेटर आरामात मावतो, खर्च जवळपास शून्य, फक्त चादर घोट्याच्या वरच कापा नाहीतर पोरं पायऱ्यांवर अडखळतात. मेहनत तासाभराची. पोराला ठराविक सुपरहिरोच हवा असेल तर विकतचा घ्या, पण एक साइज मोठा. दोन-तीन पोरं असतील तर घरचाच.