टोकियोत घर कुठे घ्यायचं: निशी-कासाई, ओजिमा, हिरोओ की थेट योकोहामा?

मावसबहिणीच्या नवऱ्याला टोकियोचं पोस्टिंग मिळालंय, तीन वर्षांचं, ऑफिस ओतेमाचीला, मुलगा पाच वर्षांचा. गेले पंधरा दिवस रोज रात्री तिचा फोन असतो, "ताई, घर कुठे बघू गं?" तिला तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं एकदा नीट लिहून काढते, कारण पुण्या-मुंबईहून येणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब इथेच अडतं. आम्ही स्वतः चार वर्षं निशी-कासाईत काढली, आता ओजिमाला आहोत, नणंद योकोहामाच्या किरीगाओकात राहते आणि मध्य टोकियोतल्या हिरोओत नवऱ्याच्या ऑफिसमधलं एक कुटुंब आहे त्यांच्याकडे आमचं येणंजाणं असतं, म्हणजे चारही ठिकाणं आतून बघून झालीयेत.

घर ठरवताना सगळे आधी ऑफिसचं अंतर मोजतात, आणि माझं सगळ्यात पहिलं म्हणणं हेच आहे की तसं करू नका. ऑफिसला जाणारा माणूस सकाळी आठला निघतो, रात्री नऊला येतो. दिवसभर त्या एरियात राहणार त्याची बायको, डिपेंडंट व्हिसावर, परवानगी काढली तरी आठवड्याला 28 तासच काम करता येतं, भाषा येत नाही, मूल लहान, आणि तिला अचानक ताप आला तर शेजारी दार वाजवायला कोण आहे हा खरा प्रश्न असतो. तेव्हा दिवसभर घरी जे राहणार त्यांच्या बाजूने बघा.

आधी निशी-कासाई. एदोगावा वॉर्डात, तोझाई लाइनवर. टोकियोतल्या वॉर्डांमध्ये सगळ्यात जास्त भारतीय इथेच आहेत. जगमोहन चंद्राणी नावाचे कोलकात्याचे चहाचे व्यापारी 1979 पासून इथे राहिले, पुढे 2000 सालच्या कम्प्युटर बगच्या कामासाठी आपले इंजिनिअर आले तेव्हा त्यांना कोणी घर देईना, चंद्राणींनी मदत केली आणि वस्ती वाढत गेली. 2019 मध्ये पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक इथूनच वॉर्डाच्या असेंब्लीवर निवडून आले. थोडक्यात, इथे आपण कोणाला नवीन नाही. वॉर्ड ऑफिसच्या माणसाला भारतीय नावं लिहायची सवय आहे, तूरडाळ, पोहे, कढीपत्ता चालत जाऊन मिळतो, ग्लोबल इंडियन स्कूल 2006 पासून याच वॉर्डात आहे आणि तिथे सीबीएसई आहे. स्टेशनजवळ ग्योसेन पार्कमध्ये छोटं प्राणीसंग्रहालय आहे, फुकट, सोमवारी बंद. आमचा मुलगा दुपारी तिथे रेड पांडासमोर अर्धा-अर्धा तास बसायचा आणि तिथल्याच बाकांवर माझ्या चार मैत्रिणी झाल्या, त्यातली एक सांगलीची, जिच्या हातची थालीपीठं खाऊन मी पहिला हिवाळा काढला.

आता त्रासाचं. सकाळची तोझाई लाइन. 2019 मध्ये किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात गर्दी क्षमतेच्या 199 टक्के मोजली होती, देशातल्या सगळ्यात वाईट आकड्यांपैकी हा एक. कोविडनंतर पूर्वीइतकं राहिलं नाही, पण साडेआठला लहान मूल घेऊन चढायचा विचारही करू नका. दिवसाच्या रॅपिड गाड्या निशी-कासाईला थांबतच नाहीत, लोकलने ओतेमाचीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, अंतर म्हणाल तर खूपच जवळ आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि एजंट ती कधीच सांगत नाहीत. पाणी. एदोगावा वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या वेळी समुद्राच्या पातळीखाली असते. 2019 मध्ये वॉर्डाने नवा पुराचा नकाशा घरोघरी वाटला, त्याच्या कव्हरवर चक्क छापलं होतं की इथे थांबू नका, वॉर्डाबाहेर जा. वॉर्ड ऑफिस स्वतःच्या रहिवाशांना असं सांगतंय हे वाचून मी सुन्न झाले होते. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला हागिबिस टायफून आलं, फोनवर एकामागून एक अलर्ट वाजत होते, आम्ही बाथटब पाण्याने भरून ठेवला, पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दाराशी ठेवली आणि रात्रभर जागे राहिलो. आमच्याकडे पाणी आलं नाही. पण म्हणून सांगते, निशी-कासाईत घर घेणार असाल तर तळमजला, पहिला मजला नको, आणि तो नकाशा घर बघायच्या आधी बघा. ओजिमालाही हा धोका आहे, तोही सखल भाग आहे, त्या बाबतीत दोन्ही सारखेच धरा.

ओजिमा म्हणजे कोतो वॉर्ड, तोएई शिंजुकू लाइन. भारतीयांच्या संख्येत एदोगावाच्या खालोखाल हाच वॉर्ड, आणि इंडिया इंटरनॅशनल स्कूलही याच वॉर्डात. तोएईवर गर्दी असते पण तोझाईसारखा जीव कासावीस होत नाही, एक्स्प्रेस इथे थांबते, शिंजुकूला एका गाडीत जाता येतं, आणि एम्बसीच्या कामासाठी कुदानशिता याच लाइनवर आहे. ओतेमाचीला मात्र एकदा गाडी बदलावी लागते, पाच-दहा मिनिटं जास्त धरा. आणि चालत जाता येईल अशी सुनामाची गिन्झा नावाची जुनी बाजारपेठ, अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना भाजीवाले, मासेवाले, गरम भजी तळणारे. माझं जपानी खरं तर याच गल्लीत सुधारलं. निशी-कासाईत मला जपानी बोलायची वेळच यायची नाही, सगळं हिंदी-मराठीत भागायचं. पहिल्या वर्षी तो आधार होता, चौथ्या वर्षी अडचण वाटायला लागली, कारण मुलाच्या जपानी शाळेतल्या बाईंशी मला दोन वाक्यं धड बोलता येईनात.

दोन्हीकडे घर घेताना यूआर आधी बघा, ही सरकारी हाउसिंगची संस्था आहे. आम्हाला सुरुवातीला एका खाजगी एजंटाने तीन घरं दाखवली आणि तिन्ही मालकांनी फोनवरच सांगितलं की परदेशी नको. चौथा तयार झाला, पण मालकाला द्यायचं रेइकिन, डिपॉझिट, एजंटची फी, गॅरंटर कंपनीची फी, विमा, कुलूप बदलण्याचा खर्च, सगळं मिळून जवळपास पाच महिन्यांचं भाडं आधीच मागितलं, शिवाय दर दोन वर्षांनी रिन्यूअलचा एक महिना वेगळा. रेइकिन म्हणजे मालकाला दिलेली भेट, ती परत मिळत नाही. यूआरला रेइकिन नाही, एजंट नाही, गॅरंटर नाही, रिन्यूअल नाही, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पगाराचा पुरावा दिला की झालं. निशी-कासाईचं कोजिमाचो आणि सेइशिनचो, ओजिमाचं 4-चोमे आणि 6-चोमे (चोमे म्हणजे एरियाचा क्रमांक दिलेला भाग), या यूआरच्या कॉलन्यांत आपली माणसं भरपूर आहेत. इमारती जुन्या, ओटा बुटका, पण थंडीत ऊन छान येतं. एक लक्षात ठेवा, घर रिकामं म्हणजे अगदी रिकामं मिळतं, दिवे नाहीत, शेगडी नाही, पडदे नाहीत. पहिल्या रात्री आम्ही मोबाईलच्या टॉर्चवर वरणभात खाल्ला होता, तोही मैत्रिणीने डब्यात आणून दिलेला.

आता योकोहामा. मुंबई आणि योकोहामा 1965 पासून भगिनी शहरं आहेत, आणि 2009 मध्ये किरीगाओकात एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत इंडिया इंटरनॅशनल स्कूलची शाखा सुरू झाली, तेव्हापासून त्या टेकाडावर आपली वस्ती वाढली. नणंदेकडे गेलं की मला बरं वाटतं, झाडी, मोकळी हवा, मुलं एकटी शाळेत चालत जातात, आणि जमीन उंचावर असल्याने नदीच्या पुराची ती रात्रभर जागायची भीती नाही. पण स्टेशनला जायला बस, मग नागात्सुताहून देन-एन-तोशी लाइन, ओतेमाचीला गाडी बदलावी लागत नाही पण दारापासून दारापर्यंत तासाच्या वरच जातो. नणंदेचा नवरा आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतो म्हणून त्यांना जमतं. रोज ऑफिस असेल तर बाप मुलाला फक्त शनिवार-रविवारी भेटेल.

हिरोओबद्दल फार लिहीत नाही. कंपनी भाडं भरत असेल तर जरूर जा, एम्बसीवाले आणि बँकवाले परदेशी तिथेच राहतात, डॉक्टर इंग्रजी बोलतात, अरिसुगावा पार्क सुंदर आहे, जमीन उंच आहे. पण स्वतःच्या खिशातून ते भाडं आपल्या आयटीच्या पगारात परवडत नाही, आणि तिथल्या वहिनी डाळ-तांदूळ घ्यायला महिन्यातून एकदा आमच्याकडेच येतात, येताना मुलाला चार आपली मुलं भेटावीत हाही हेतू असतो.

मुलाच्या दवाखान्याची काळजी यातून वगळा, टोकियोच्या 23 वॉर्डांत अठरा वर्षांपर्यंत विम्यातले उपचार मोफत आहेत. पाळणाघराचं मात्र वॉर्डाकडेच असतं, एप्रिलच्या प्रवेशाचे फॉर्म साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरतात, त्यामुळे आधी वॉर्ड पक्का करा आणि मगच बाकीचं.

बहिणीला मी ओजिमा सांगितलंय. मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, तिला जपानी शिकायचंय, आणि तीन वर्षांची पाच होतात हे मी इथे खूप घरांत बघितलंय. पण ती पहिल्यांदाच देशाबाहेर येतेय, आणि एकटं राहिलं की ती किती कोमेजते हे मला लहानपणापासून माहितेय, म्हणून पहिला महिना निशी-कासाईत महिन्याच्या भाड्याचा फ्लॅट घ्यायचा असं ठरलंय. तोवर मी रोज सकाळी यूआरच्या साइटवर 4-चोमे बघतेय. काल पाचव्या मजल्यावरचं दक्षिणेकडचं एक रिकामं दिसलं होतं, दुपारपर्यंत गेलं.