गमबँड कोण म्हणतं आणि का: 'डेअर' डिक्शनरी वापरून बघितली

अमेरिकेत, पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला राहायला आल्यावर पहिले काही महिने मला वाटायचं आपलंच इंग्रजी कच्चं आहे. शेजारच्या आजी म्हणायच्या "द कार नीड्स वॉश्ड", मधलं 'टू बी' गायब. घर आवरणं म्हणजे 'रेड अप', भोचक माणूस 'नेबी', रबरबँड म्हणजे 'गमबँड', तुम्ही सगळे म्हणजे 'यिन्झ', आणि डाउनटाउनचं 'डाहनटाहन'. ऑफिसमधला एक जण म्हणाला की ही न शिकलेल्यांची भाषा आहे. मला ते फार लागलं कारण आजींनी आयुष्यभर शाळेत शिकवलंय.

मग लायब्ररीत डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश हातात आली, सगळे तिला नुसतं 'डेअर' म्हणतात. 'गमबँड' उघडलं तर समोर पेनसिल्व्हेनिया, आणि मूळ जर्मन. 'रेड अप' आणि 'नेबी' स्कॉटलंड आणि अल्स्टर (आयर्लंडचा उत्तर भाग) इथून आलेल्या लोकांनी आणलेले. म्हणजे आजी चुकत नाहीयेत, त्यांच्या बोलण्याला दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे! मी ते खंड घेऊन तिथेच तासभर बसले.

यामागची मेहनत वाचून तर थक्क व्हायला होतं. डिक्शनरीचे मुख्य संपादक, विस्कॉन्सिन विद्यापीठाचे फ्रेडरिक कॅसिडी, यांनी १९६५ ते १९७० मधे माणसं पाठवली, 'वर्ड वॅगन' नावाच्या गाड्या घेऊन, मुक्काम पण बऱ्याचदा त्या गाडीतच, आणि १००२ गावाशहरांत २७७७ लोकांना प्रत्येकी दीड हजाराहून जास्त प्रश्न विचारले, हवामान, शेती, स्वयंपाक, आजारपण, सगळं. पहिला खंड १९८५ ला आला, झेडपर्यंत पोचायला २०१२ उजाडलं. कॅसिडी २००० मधे गेले, त्यांच्या थडग्यावर 'ऑन टू झेड' कोरलंय. पुढचं काम जोन ह्यूस्टन हॉल यांनी तडीस नेलं.

नकाशे मला सगळ्यात आवडले पण आधी गोंधळायला होतं, कारण राज्यांचा आकार जमिनीवरून नाही तर लोकसंख्येवरून काढलाय, त्यामुळे न्यूयॉर्क भलंमोठं आणि वायोमिंग एवढंसं. सवय झाली की मजा येते. पाणी प्यायच्या नळाला 'बबलर' म्हणणारे विस्कॉन्सिनमधे आणि थेट ऱ्होड आयलंडमधे, मधे जवळपास कोणीच नाही.

आणि कुठला शब्द कुठे बोलतात हे शोधणं नुसतं हौसेचं काम नाही. एका अपहरणात खंडणीच्या चिठ्ठीत 'डेव्हिल स्ट्रिप' असा शब्द होता, रस्ता आणि फूटपाथच्या मधली गवताची पट्टी, तेवढ्यावरून भाषाशास्त्रज्ञ रॉजर शाय यांनी ओळखलं की लिहिणारा ओहायोतल्या ॲक्रनचा असणार.

कमी काय आहे ते पण सांगते. मुलाखतींना पन्नास वर्षं होऊन गेली, त्यात वयस्कर माणसं मुद्दाम जास्त घेतलेली, त्यामुळे आजच्या पोरांचं स्लँग शोधत असाल तर हिच्या वाटेला जाऊ नका. शिवाय खंड जड आणि महाग आहेत, ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते. म्हणून साडेचार स्टार.

पण त्या मुलाखतींच्या वेळची रेकॉर्डिंग्ज विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत, मी तर म्हणेन आधी तीच ऐका. आर्थर नावाच्या उंदराची छोटीशी गोष्ट आहे, त्याला कधीच काही ठरवता येत नाही, तीच गोष्ट देशभरच्या शेकडो लोकांनी वाचलीय. त्याचं 'आय डोन्ट नो' दक्षिणेतल्या माणसाच्या तोंडून ऐका, 'आय'चं सरळ 'आ' होतं. आजींना ऐकवलं तर एका आवाजाला दोन वाक्यांतच म्हणाल्या, हा आपल्याकडचा. मी स्क्रीनवर बघितलं, पश्चिम पेनसिल्व्हेनिया.

पिट्सबर्गवाल्यांनी लायब्ररीत गेल्यावर चौथा खंड मागा, 'रेड अप' त्यात आहे, 'गमबँड'साठी दुसरा.